दोन दिवस ठेवा

सोमवार, १० फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन केला असता तर तू दुसऱ्या वाक्याला आवाज चढवला असतास आणि मी तिसऱ्याला फोन ठेवून दिला असता. म्हणून आज दुकान बंद आहे तर लिहायला बसले.

दुकान बरं चाललंय. परीक्षा जवळ आल्या की आईबापांना पोरांच्या चष्म्याचे नंबर आठवतात, त्यामुळे गर्दी आहे. समोरचा शिंपी जागा सोडून गेला. तिथे मोबाईलवाला आलाय, दिवसभर एकच गाणं लावतो. माझा गुडघा कुरकुरतोच आहे. दूध हल्ली जास्त घ्यावं लागतं.

हे शेवटचं वाक्य लिहून मी चहा करायला उठले होते. परत आले तरी ते तिथेच. तेव्हा सांगूनच टाकते. तुझा ढब्बू माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यापासून.

कागद चुरगळू नकोस. पुढे वाच.

सरकारनं नियम बदलला हे तुलाही ठाऊक आहे. सोळाच्या आतल्या मुलाच्या खटल्याचा निकाल लागायचा असेल तर त्याला सुधारगृहात कोंडून ठेवायचं नाही, घरचं कोणी जबाबदारी घेत असेल तर त्याच्याकडे सोपवायचं. पहिला फोन तुला आला होता, हे तिथल्या अधीक्षक बाईंनी मला सांगितलं. "वडील म्हणाले, राहू द्या आत," असं म्हणून त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "जवळचं नातेवाईक कोणीही चालतं." त्यांना माझा नंबर कोणी दिला ते तू ओळखलंच असशील. वहिनीवर चिडू नकोस. आणि विषय निघालाच आहे तर, दर गुरुवारी ती इकडे दाताच्या डॉक्टरकडे येते ना, तिचे दात ठणठणीत आहेत.

त्याला आणायला गेले तेव्हा मला एका लांबट खोलीत बसवलं. जमिनीला ठोकलेली बाकं, पोपटी भिंती, दुसऱ्या टोकाला दार. दार उघडून तो आला. उंच झालाय, आणि ढब्बू आता नावापुरताच ढब्बू उरलाय. खोलीत आम्ही चारपाच जणी होतो. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली, माझ्यावरूनही, आणि तसाच उभा राहिला. मी हात केला. तो हललाच नाही. मला वाटलं, पोरगं रागावलंय, घरातल्या कोणाचं तोंडच बघायचं नाही म्हणतंय. मी उठून अगदी जवळ गेले, तेव्हा त्यानं डोळे बारीक केले.

"आत्या? तू आहेस होय!"

डोळ्यांवर चष्मा नव्हता, दादा. जन्मभर चष्मे विकते मी, आणि हे कळायला मला अख्खी खोली ओलांडावी लागली.

"चष्मा कुठाय तुझा?"

"पहिल्याच दिवशी काढून घेतला. काचेचं काही आत चालत नाही."

"मग सांगायचं नाही का, दिसत नाही म्हणून?"

"सांगितलं की त्यांना वाटतं, हा काहीतरी मागतोय."

बाईंनी चष्मा एका पिशवीतून काढून दिला. बाई वाईट नाहीत. पोरांनी एकमेकांना इजा करू नये म्हणून तो जुना नियम आहे म्हणाल्या. प्लास्टिकच्या काचा तरी चालवून घ्या, असं त्यांनी वर लिहिलंय, उत्तर यायचंय. आतल्या शाळेतल्या शिक्षकांचा शेरा मात्र मी वाचला: 'लक्ष नसते. फळ्यावरचे उतरवून घेत नाही.' हसावं की रडावं कळेना.

आता नव्या नंबरचा चष्मा करून दिलाय. दुपारी दुकानात बसतो. परवा एका आजोबांना त्यानं लालभडक फ्रेम विकली आणि ते खुशीत आरशासमोरून हलेनात. पण अजून पाणी प्यायचं असलं तरी विचारतो, "आत्या, पिऊ का?" मी आधी समजावलं, मग चिडले, आता नुसतं "हो" म्हणते. जाईल हळूहळू.

आता जे लिहायचं होतं ते.

ढब्बूनं आणि त्याच्या दोघा मित्रांनी शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप फोडलं, ती चूकच. आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की पोलीस घरी आले आणि त्याला घेऊन गेले. वहिनी अजून तेच समजते. ढब्बूनं मला खरं सांगितलं. त्याच्या पलंगाखाली तुला तिथून उचललेलं सामान सापडलं, तूच त्याचा हात धरून चौकीत घेऊन गेलास आणि म्हणालास, "दोन दिवस ठेवा, अक्कल येईल." पुढे तारखेवर तारीख पडत गेली. ऐन उन्हाळ्यात गेलेलं पोरगं थंडीत बाहेर आलं.

परवा गिऱ्हाईक नव्हतं, आम्ही काचा पुसत बसलो होतो. एकदम म्हणाला, "आत्या, बाबांना माहीत होतं का गं, इतके महिने ठेवतात ते?"

"नाही रे. त्याला दोन दिवसच वाटले होते."

काचेवर फुंकर मारून तो पुसत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं, माहीत असेल."

एवढंच. रडला नाही, चिडला नाही.

मी छातीठोकपणे 'नाही' म्हणाले. पण दादा, तू मला तसं कधी सांगितलं नाहीस. मी आपली माझ्या भावाला ओळखते, त्या भरवशावर बोलले. तू एकदाही त्याला भेटायला गेला नाहीस, ते रागानं नव्हे, असंही मला वाटतं. तुला त्याच्यासमोर उभं राहवत नव्हतं. 'राहू द्या आत' म्हणालास तेही त्यामुळेच. घरी आला असता तर त्यानं तुला हेच विचारलं असतं. माझं चुकत असेल तर तसं सांग.

सरकारचा नियम पोराला उंबऱ्यापर्यंत आणून सोडतो. तेवढंच तो करू शकतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी तुझ्या वतीनं एकदा दिलंय, पण ते माझ्या तोंडून त्याला पुरलेलं नाही, हे मला दिसतंय.

पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. असाच राहिला तर प्रकरण मिटेल, असं बाई म्हणतात. पण तू त्याआधी ये. येताना काही आणू नकोस, भाषण तर मुळीच नको.

तुला लिहितेय, हे त्याला सांगितलं. "लिही," म्हणाला. ये म्हण, असं म्हणाला नाही, येऊ नको म्हण, असंही नाही. बराच वेळ दाराशी घुटमळला आणि जाताना म्हणाला, "मोठं लिहू नकोस. बाबा शेवटपर्यंत वाचत नाहीत."

वाचलंस ना?

सरकारी कागदावर त्याची पालक,
एरवी तुझीच,
धाकटी