ओढ्याची तब्येत

४ मार्च

निरोगी ओढा म्हणजे नक्की कुणासाठी निरोगी? मुलाखतीत साहेबांनी हे विचारलं होतं. मला उत्तर आलं नव्हतं, आजही येत नाही. तरी नोकरी मिळाली आणि मी इथे येऊन पोचलेसुद्धा! घरातली पहिली पदवीधर मीच, त्यामुळे बाबा भेटेल त्याला सांगत सुटलेत की पोरगी ओढ्याची डॉक्टर झाली. दादाने लगेच विचारलं, नाडी कुठे बघणार?

भाड्याची खोली घराच्या मागच्या बाजूला आहे. खिडकीखाली पाण्याची टाकी, पुढे तारेचं कुंपण आणि पलीकडे ओढा. पूर्वी त्यात कारखान्याचं पाणी सोडायचे, म्हणून कुंपण घातलं होतं. कारखाना केव्हाच बंद झाला. माझ्या तपासणीत ओढ्याला चांगले गुण मिळाले की कुंपण काढून ओढा मुलांना पोहायला मोकळा करणार. घरमालकीणकाकूंची नात चिमी आत्तापासूनच कमरेला ट्यूब अडकवून घरभर फिरते. ताई, त्याला लवकर पास कर ना, म्हणून माझ्या मागे लागली आहे.

५ मार्च

पहिला नमुना घेतला. प्रवाहात उभं राहून टाचेने दगड हलवायचे, खालच्या अंगाला जाळी धरायची आणि जे सापडेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. फक्त स्वच्छ पाण्यात जगणाऱ्या अळ्या जितक्या जास्त, तितके गुण जास्त. ट्रे अक्षरशः वळवळत होता! जवळजवळ पैकीच्या पैकी. आनंदाच्या भरात गुण लगेच साहेबांना कळवले. कॉलेजात नमुने स्पिरिटमध्ये मारून ठेवायचे; मी मात्र सगळ्या अळ्या जिवंत परत सोडल्या. घरी आल्यावर जाळी खिडकीखालच्या टाकीत खळबळून काढली.

७ मार्च

एक गंमत. या अळ्या वाहत्या पाण्यात नेहमी प्रवाहाकडे तोंड करून बसतात. ट्रेमधलं पाणी स्थिर असतं, तिथे त्या कशाही पसरायला हव्यात. आज सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती. मी ट्रेच्या दुसऱ्या बाजूला गेले. त्याही वळल्या.

माझ्या सावलीमुळे असेल.

१० मार्च

जाळीदार पिशवीत वाळकी पानं भरून पाण्यात ठेवली होती. निरोगी ओढ्यात किडे ती कुरतडून त्यांची चाळण करतात. आज पिशवी काढली. एका पानालाही दात लागलेला नाही. ओढ्यात मासा नाही, बेडूक नाही, काठावर पाणी प्यायला पक्षी उतरत नाही. मग इतक्या अळ्या खातात काय?

काकूंना विचारलं. कुंपण खरंच कारखान्याच्या पाण्यामुळे घातलं होतं का? त्या भांडी घासायच्या थांबल्या. आम्हाला तसंच सांगितलं होतं, म्हणाल्या. त्या वर्षी दोन मुलं घर सोडून गेली, असंही सांगितलं होतं.

१२ मार्च

काही अळ्या वाळूचे कण, काटक्या चिकटवून अंगाभोवती घर बांधतात. आज तशी एक सापडली. घर पांढरं, गुळगुळीत. भिंगाखाली धरलं.

दुधाचे दात.

चिमीचा एक दात परवा पडला आणि तिने तो कुंपणातून ओढ्यात फेकला, हे मला माहीत आहे. एकच. पण मग ट्रे नीट पाहिला, तशी घरं पुष्कळ होती. एका मुलीच्या तोंडात मावणार नाहीत इतके दात —

१३ मार्च

साहेबांना फोन केला. ते हसले. किडे तुझ्याकडे बघतात म्हणून ओढा नापास करायचा? मग त्यांनाही तुझा अहवाल लिहायला सांगू, म्हणाले. दातांचं ऐकून म्हणाले, खडे असतील. गुण तूच दिलेस. शनिवारी कुंपण निघणार.

ओढा निरोगी आहे. चांगला पोसलेला आहे.

१४ मार्च

चिमी कुंपणाला चिकटून उभी होती. हात तारेतून आत. पाण्याच्या कडेला अळ्यांची काळी रेघ — सगळ्या तिच्याकडे तोंड करून. ओढून आणलं तिला. रडली. ताई दुष्ट आहे म्हणाली.

गुण माझेच. मग ते खोटे ठरवायलाही मीच —

१५ मार्च

केलं. ऑफिसच्या गोदामातली ब्लीचिंग पावडर, सगळ्या गोण्या, वरच्या अंगाने ओतल्या. ज्याला वाचवायला शिकले, त्यालाच —

पाणी दुधासारखं झालं. दगड उलटले. सगळ्या मेल्या होत्या. ओढा मृत, असं कळवूनही टाकलं. आता कुंपण निघणार नाही. चिमी वाचली.

एक गोष्ट राहून राहून — मरताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. एकही नाही. प्रवाहाकडेही नाही. सगळ्यांची तोंडं या घराकडे.

घराकडे का? इथे काय आहे त्यांचं —

खिडकीखाली पाणी खळबळतंय. चिमी हसतेय. काकूंना हाक मारून सांगतेय, आजी, बघ ना, सगळे माझ्याकडेच —

जाळी. पहिल्या दिवशी मी जाळी त्याच टा