सपाट बोर्ड, वाकडा बोर्ड

३ जुलै
किनाऱ्यावरच्या पतंगशाळेचा मालक मकामे, त्याने आज सांगून टाकलं. पतंगाच्या ओढीने पाण्यावर पळायचं शिकवायला त्याला आमच्या पाजे गावातलीच एक बाई हवी आहे. रविवारी उडी मारून दाखवली तर ती मी. नाहीतर आहेच — पाहुण्यांचे पतंग धुवायचे!

त्याच्याकडे एक मुरलेल्यांचा छोटा बोर्ड आहे. माझा शिकाऊ बोर्ड त्याला द्यायचा, तो मी घ्यायचा. सरळ अदलाबदल.

४ जुलै
छोट्यावर उभी राहून बघितलं. कडक. दोन्ही टोकं वर वळलेली, तळाचे माशासारखे पर लांब. वारा जरा पडला की मी पाण्यात. माझा जुना म्हणजे दार — सपाट, रुंद, सगळ्या चुका पोटात घालतो. पण उडी? वुआई, माझा मामेभाऊ, मकामेकडेच शिकवतो. म्हणाला, "रिझिकी, हा बोर्ड नाही, खाट आहे. झोप त्यावर."

मेला. पण खोटं नाही बोलला.

५ जुलै
जुन्या बोर्डाचे पर गायब! सापडले चुलीमागे, स्क्रूसकट पिशवीत. काल वुआई जेवायला आला होता. त्याचीच थट्टा.

६ जुलै
वुआई शपथा घेतोय. जाऊ दे.

आईला विचारलं, देऊ का जुना? ती समुद्रात लावायला दोरीला शेवाळाची रोपं बांधत होती. "तुझ्या कामाचं तू बघ. मला काय कळतंय?" मग पुढची गाठ मारत, "मोठी फळी मजबूत होती हो."

तिची मान हल्ली बरी आहे. ओहोटीला शेवाळाच्या ओल्या गोण्या डोक्यावरून आणून आणून पार गेली होती. रोज तेल चोळावं लागायचं. या महिन्यात एकदाही हाक नाही. लवंगेच्या तेलाचा गुण असेल.

७ जुलै
दिला. पर लावून, पुसून. नेताना आई कसावा सोलत होती. वर बघितलं नाही.

९ जुलै, रविवार
कुसीचा, म्हणजे दक्षिणेकडचा, वारा झकास. पहिली उडी फसली, नाकातोंडात खारं पाणी. दुसरी — गेले वर, आणि बोर्डावरच उतरले! मकामे एवढंच म्हणाला, "उद्यापासून शिकवायला ये." वुआई म्हणाला, "उठलीस एकदाची खाटेवरून." आई किनाऱ्यावर होती. बायकांना सांगत होती, "माझी पोर ती." मी थोडी रडले. खूप बरं वाटलं.

११ जुलै
सकाळी नवा बोर्ड अंगणात नाही. घाबरून किनाऱ्याकडे धावले.

ओहोटीतून आई येत होती. डोक्यावर ओली गोणी, काखेत माझा बोर्ड. पर काढलेले, पाय अडकवायच्या पट्ट्याला ओढायची दोरी बांधलेली.

"या फळीचं पोट वाळूत रुततं गं," म्हणाली. "जुनीवरून गोणी कशी घसरत यायची."

तेल गरम करायला ठेवलंय.