इरिव्होकेबल

मास्तर, लिहायला फार उशीर केला, रागावू नका. तुम्हाला जाऊनच तीसेक वर्षं झाली असतील. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं तेही मला ठाऊक नाही.

सातवी करून कळवणहून आलेल्या मला तुम्ही कोर्टाबाहेरच्या तुमच्या टेबलाशी टायपिंगला बसवलंत. रोज एक अवघड इंग्रजी शब्द, रद्दी कागदाच्या पाठीवर लिहिलेला. चहा येईपर्यंत अर्थ पाठ व्हायला हवा. "रिलक्टंट म्हणजे?" मी कागद उलटसुलट करून बघतो. "अरे, शाळेत निघालास की तुझी पावलं कशी पडायची? तसं." शेजारचे टायपिस्ट हसतात, मीही हसतो. इरिव्होकेबलच्या वेळी तुम्ही विचारलंत, "दळलेल्या पिठाची परत बाजरी होते का रे?" तो शब्द मग कधी विसरलोच नाही.

एकदाच ओरडलात. निफाडकडचा एक म्हातारा विचारत होता, "दादा, काय लिवलंय यात?" मी म्हणालो, "करा अंगठा, नेहमीचंच असतं." तुम्ही कागद माझ्या हातातून ओढून घेतलात. "नेहमीचं तुझं. त्याच्या जन्मात पहिल्यांदा येतंय हे. एकेक शब्द सांग त्याला." मी सांगत बसलो, दुपार गेली. मग तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवलीत. माझा डबा तसाच राहिलाय हे तुमच्या लक्षात आलं होतं.

आता माझंच ऐका. गंगापूर रोडचं घर बायकोच्या नावावर होतं. ती गेली. मुलानं वकिलाकडून इंग्रजीत कागद करून आणलाय, बहिणीनं आपला हिस्सा सोडल्याचा. मुलगी गेल्या आठवड्यात आली. "बाबा, तुम्हाला कोर्टातलं कळतं. काय लिहिलंय?" तिसऱ्याच ओळीत तुमचा तो पिठाचा शब्द होता. मुलगा समोर बसलेला. मी त्याच्याकडे राहतो, मास्तर, सून वेळेवर औषधं देते. मी म्हणालो, "काही नाही गं, वकिलांची भाषा. पुढं कधी वाटलं तर बदलता येतं."

"तुम्ही वाचलंत ना? मग झालं," ती म्हणाली.

सोमवारी तिची सही आहे. रोज फोन लावतो. ती "हं बाबा, बोला" म्हणते, आणि मी जेवलीस का एवढंच विचारून ठेवून देतो. मला अर्थ येत होता, मास्तर. सोमवारच्या आत काहीतरी कळवा.