न हसलेली वीस मिनिटं

सोलापूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. मुक्ता आत्यास शिवराजचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत न्हाय, आन मेसेज केला की तू शेजारच्या पोरीला वाचायला लावतेस. मंग साऱ्या मैंदर्गीला कळतं. म्हणून पत्र. आधी खाली बस. तुझा भाऊ जित्ता हाय. गेल्या सोमवारी मल्लप्पा काकाला शिलाईच्या दुकानात झटका आला. डोक्यातल्या नसंत रक्ताची गुठळी अडकली. दवाखान्यात सुई दिली, गुठळी विरघळली. आता घरी आणलंय, पण उजवा हात लुळा हाय आन बोलणं बोबडं.

गुठळी गेली तर हात का न्हाय आला, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी चित्र काढून दाखवलं, मी तुला रानातलं सांगतो. पाट तुंबला की एक वाफा पार वाळतो. डोक्यात त्याला दिवस लागत न्हाईत, थोडी मिनिटंच लागतात. कडंचे वाफे सुकतात, पण लगेच मरत न्हाईत. पाणी लवकर सुटलं तर उभे राहतात. सुई त्यांच्यासाठी.

आन मरणाऱ्या पेशी गपगुमान मरत न्हाईत म्हणे. आतला रस शेजारणींवर सांडतात. त्या भडकतात, अंगात ताकद नसताना धावत सुटतात, फुगतात आन मरतात. मी नव्या पेठेत साप साप ओरडलो होतो, आठवतंय का? साप नव्हताच, पण पळापळीत तिघं पडले. तसंच की.

मेलेली पेशी परत येत न्हाय. पण जगलेल्या पेशी तिचं काम शिकतात, हाताकडनं हजारदा करून घेतलं तर. पहिले तीन महिने लई मोलाचे. इथंच घोडं अडलंय. श्रावणी मॅडम व्यायामाला आठवड्यातनं दोनदा येतात, त्यांना काका हात देतो. मी धरला की भिंतीकडं तोंड करतो. घरात आमी दोघंच. दुसरं कोण करणार? पण मी बी सोडणार न्हाय.

लोभ हाय तेवढा असू दे, जास्त लागणार हाय.
तुझा शिवराज

मैंदर्गी, ६ फेब्रुवारी

चि. शिवराज यास आत्याचे आशीर्वाद.

पत्र वाचलं, डोळे पुसले आन परत वाचलं. पाट सांगितलास, वाफे सांगितलेस. दुकानात काय झालं ते मातुर एका वळीत उरकलंस. कोंबडीनं अंडं घातलं तरी तीन पानं मीठमसाला लावणारं पोरगं तू. मी बहिरी हाय, आंधळी न्हाय.

मल्लप्पा लहानपणीबी रुसला की भिंतीकडं तोंड करायचा. तो व्यायामाला कंटाळला न्हाय, तुझ्याव रुसलाय. काय केलंस ते लिही. खोटं लिहिलंस तर एसटी धरून येईन आन मल्लप्पासमोरच कान पिळीन.

जेवत जा. काकाला मऊ भात दे, घाई करू नको.
मुक्ता आत्या

सोलापूर, ९ फेब्रुवारी

ती. आत्यास, आज साष्टांग नमस्कार खराखुरा.

आमची एक पैज चालायची. गिऱ्हाईक गेलं की काका त्याची नक्कल करणार. मी हसलो तर चहा मी आणायचा, न्हाय हसलो तर काकानं. तीन दिवस मीच आणत होतो. त्या सोमवारी गुरप्पा मास्तर पँट टाकून गेले. तोंडात एकबी दात न्हाय, सगळं बोबडं. ते पायरी उतरले आन काकाचं तोंड वाकडं झालं, शब्द घसरायला लागले. मला वाटलं, काय हुबेहूब करतोय! आज हसायचं न्हाय म्हणून मांडीला चिमटे घेत दगडागत बसलो. काका माझ्याकडं बघून कायतरी सांगत होता. डावा हात बी हलवला. मी म्हटलं, कर किती करायचं ते.

मंग त्याच्या हातातनं कात्री पडली. काका कात्री कधी पडू देत न्हाय. तवा कुठं उठलो, रिक्षात घातलं. घड्याळ बघितलं तर वीस मिनिटं गेलती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मिनिटाला एकोणीस लाख पेशी मरतात. गणितात मी तीनदा नापास, पण हा गुणाकार झोपेतबी येतो.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली न्हाय. शिव्या दे, पण उलट टपालानं दे.
शिवराज

मैंदर्गी, १२ फेब्रुवारी

चि. शिवराज यास आशीर्वाद.

शिवी देत न्हाय. माफी देणारी मी कोण? पेशी मेल्या त्या त्याच्या डोक्यातल्या, माझ्या न्हाईत.

त्याच्या जागी बसून बघ जरा. माणूस बुडतंय, हाका मारतंय, आन ज्याला अंगाखांद्यावर वाढवलं ते पोरगं समोर बसून नुसतं बघतंय. त्याला कसं कळावं की तू पैज खेळत होतास? जाऊन सांग त्याला. रडत सांगू नको. तुझे डोळे त्यानं कुठल्या हातानं पुसायचे? रिक्षात कुणी घातलं तेबी सांग, खरं सांगायचं तर सगळं सांगावं. आता पुरे. उठ.

माया हाय तशीच हाय, विचारत बसू नको.
मुक्ता आत्या

सोलापूर, १७ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस धीर झाला न्हाय. काल सकाळी भात भरवून झाला आन सांगून टाकलं. गुरप्पा मास्तर, मांडीचे चिमटे, वीस मिनिटं, सगळं. काका माझ्याकडं बघतच राहिला. मंग त्याचं अर्धं तोंड हललं. मी घाबरलो, परत झटका आला का काय. हसत होता, आत्या. डाव्या डोळ्यातनं पाणी, डाव्या गालावर हसू. बोबड्या बोलीत एवढंच म्हणाला की त्याला वाटलं होतं, आता तो कुणाचाच उरला न्हाय.

मंग डाव्या हातानं त्यानं उजवा हात उचलला, पिशवी उचलावी तसा, आन माझ्या हातात ठेवला.

तवापासनं मोजतोय. रबरी चेंडू त्याच्या तळव्यात ठेवायचा, बोटं मिटवायची, उघडायची. काल दोनशे झाले. आज सकाळपासनं एकशेवीस वेळा मूठ मिटली. म्हंजे मी मिटवली. एकशेएकविसावी त्यानं मिटवली.

बाकीचं मोजून झालं की लिहितो. लोभ वाढता ठेव, आमी दोघंबी पुरून उरू.
तुझा शिवराज