रकान्यात लिहिलं ‘नाही’

गुरु., १६ फेब्रु. ९५
घशातून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. उजव्या टॉन्सिलचा कॅन्सर. मानेतली गाठही त्याचीच. ज्या डॉक्टरने तीन महिने नुसत्या गुळण्या करायला लावल्या, त्याला आधी भेटून येणार. कल्याण स्टेशनपासून रिक्षात ह्यांनी हात धरला, घर येईपर्यंत सोडला नाही. धरा म्हटलं, पण रडायचं नाही. रजेचा अर्ज लिहायचाय.

सोम., २० फेब्रु.
केसपेपरवर ‘सवयी’ असा रकाना. डॉक्टर बाई माझ्या निम्म्या वयाच्या. तंबाखू? नाही. पान, गुटखा? नाही. तिसऱ्यांदा ह्यांच्याकडे बघून विचारलं. मी भडकले. “अहो, ह्यांची विडी मी सोडवली! कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसते, तोंडात बार भरून हॅलो म्हणू का?” बाई हसल्या. लिहिलं: नाही.
मग सांगत बसल्या. गाठ केवढी, मानेत किती पसरलीय, वजन टिकतं का, मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, मध्येच चुकतो का, ह्यावर पुढचं सगळं. आणि एक. तंबाखू न खाणाऱ्यांच्या अशा गाठींत परदेशात काहींना एक विषाणू सापडतोय. त्या गाठी शेकाला लवकर विरघळतात असं दिसतंय, पक्कं नाही. माझा तुकडा त्या तपासणीला पाठवणार.
पक्कं नसेना. मी धरून ठेवलंय. निर्व्यसनी राहिल्याचा एकदा तरी फायदा!

रवि., २६ फेब्रु.
ठाण्याच्या कोळीवाड्यातून आई आली. सुके बोंबील आणि मशेरीची पुडी घेऊन. आमच्यात मशेरीनेच दात घासतात, मी आठव्या वर्षापासून. आईला सगळं सांगितलं. तंबाखू नाही म्हणून आशा आहे, हेही.
म्हातारी बघतच राहिली. “अगो, मंग ही काय हाय? तव्यावर काय मी बेसन भाजतंय?”
तंबाखूच. काळी होईपर्यंत भाजलेली, कुटलेली. लहानपणी वाण्याकडून मीच आणून द्यायचे. चाळीस वर्षं रोज हिरडीला लावतेय आणि रकान्यात ‘नाही’! खोटं बोलले नव्हते. डोक्यातच आलं नाही. मशेरी ती मशेरी.
आई दाराशी जाऊन बसली. तिच्यासाठी चहा टाकला.

सोम., २७ फेब्रु.
हे म्हणतात, गप्प बस. “बाईंनी नाही लिहिलंय ना? राहू दे. चांगल्या बाजूला आहेस.”
“गाठ काय केसपेपर वाचते का?”
हे चिडले. दोघंही जेवलो नाही. खरं तर मलाही ‘राहू दे’ वाटतंय. मरायची भीती वाटते. इथे लिहिते, बाकी कुणाला सांगणार नाही.

बुध., १ मार्च
सांगून टाकलं. बाईंनी पेन उचललं आणि ‘नाही’वर काट मारली. म्हणाल्या, “तपासणी होईलच. पण विषाणू सापडला तरी मशेरीमुळे त्याचा फायदा किती उरेल, मला सांगता येणार नाही. आजपासून बंद.” बंद. पुडी तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात.
मग बाई बाहेरच्या बाकावरच्या एकेकीला विचारत सुटल्या, मशेरी लावता का. चौघींनी हात वर केले. चौघींच्या रकान्यात ‘नाही’.

शुक्र., ३१ मार्च
अठरा शेक झाले, एकही चुकवला नाही. आवाज गेला. थुंकी गिळताना डोळ्यांतून पाणी. कशालाच चव नाही. सकाळी बोट आपोआप हिरडीकडे जातं, ओढून काढते.
कंपनीतून साहेब आले. “ताई, आता घरी आराम करा. बोर्डावर दुसरी बसवू.” पाटीवर लिहून दाखवलं: रजेवर आहे, मेले नाही. साहेब चहा अर्धा टाकून गेले. आई कितीतरी दिवसांनी हसली.

मंगळ., ११ एप्रिल
हॉस्पिटल, बाकावर. विषाणूचा रिपोर्ट आलाय. खिडकीवरचा माणूस म्हणतो, नवऱ्याला घेऊन या, मगच डॉक्टर बोलतील. ह्याच वहीत लिहून त्याच्या नाकासमोर धरलं: घसा माझा, रिपोर्ट माझा. नियम आहे म्हणे. असू दे. दोनदा उठवायला आला, उठले नाही.
मानेला हात लावून बघते. गाठ आहे. लहान झालीय की मीच मनाची समजूत घालतेय, कळत नाही.
दार उघडलं. बाई स्वतःच हात करतायत, आत या. हातात कागद. तोंडावरून काही कळत नाही.
एकटीच चाललेय.