उंच पायांचा दिवाण

प्रिय टिटवी,

त्या दिवशी फोन कट झाला नव्हता, मी आपटला होता. उगाच रेंजला दोष देऊ नकोस. माझ्याकडे राहायला ये, एवढंच मी म्हटलं होतं. त्यावर तुझं भाषण काय, तर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी कुणाच्या घरी पलंगावर पडून राहणार नाही, येणारा-जाणारा दारातून डोकावून ‘आता कसं वाटतंय’ विचारणार, त्यापेक्षा वृद्धाश्रमात खोली घेते, तिथे सगळेच पडलेले असतात. शाब्बास! एक तारखेला जाणार म्हणे. जा. मी काही बोलणार नाही. हे पत्र त्याबद्दल नाहीच. मी एक जुना दिवाण विकत घेतलाय आणि त्याची हकीकत ऐकायला माझ्या घरात भिंतींशिवाय कुणी नाही, म्हणून तुला लिहितेय.

दिवाण म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे खाली पेटी आणि पेटीत गाद्या कोंबलेलं ते हल्लीचं खोकं येईल. तसला नाही. आपल्या कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलात पाहुण्यांच्या खोलीत होता तसला. दोन्ही टोकांना बाहेर वळलेले हात, मध्ये वेताची जाळी, धड पलंग नाही, धड कोच नाही. पडा, बसा, वाचा, पण झोपू नका असं सांगणारा. चिरंजीवांना मी हे फोनवर समजावलं तर म्हणतात कसे, आई, त्यापेक्षा बटणावर चालणारी आरामखुर्ची घे, तीच तुला उठवून उभी करते. म्हणजे वीज गेली की मी खुर्चीतच! सूनबाईंनी मागून विचारलं, जुनं कशाला, त्यात ढेकूण असतात. आयुष्यभर वॉर्ड सांभाळलेल्या मेट्रनला ढेकूण शिकवतेय. मी म्हटलं, बाई गं, माझ्या वॉर्डात ढेकूणसुद्धा परवानगी काढून यायचे.

जुन्या फर्निचरच्या दुकानात गेले. दुकानदार गोड बोलणारा, म्हणजे सावध राहावं असा. त्याने पहिलाच दिवाण दाखवला आणि हा शंभर वर्षांचा, आजी, म्हणून हात जोडले. मी त्याला म्हटलं, शंभर वर्षांचा आहे तर आजी त्याला म्हण, मला मॅडम म्हण. मग मी पर्समधला टॉर्च काढला आणि जमिनीवर बसून सरळ दिवाणाखाली शिरले. वरून आवाज आला, मॅडम, चक्कर आली का? पाणी आणू? मी खालूनच ओरडले, मला काही झालेलं नाही, तुझ्या पेशंटला झालंय. खालच्या फळ्या सगळ्या एका जाडीच्या, गुळगुळीत, मशीनवर कापलेल्या, आणि वरून मात्र सगळीकडे सारखीच झीज. टिटवी, खरी झीज अशी नसते. माणसाचा हात टेकतो तिथे लाकूड झिजतं, टाच घासते तिथे झिजतं, बाकीचं तसंच राहतं. जो पेशंट सगळं अंग सारखंच दुखतं म्हणतो, त्याला बहुधा सुट्टी हवी असते. दुकानदाराला हे सांगितल्यावर तो हसला. लबाड आहे, पण हसतो मोकळं.

दुसरा खरोखरच जुना होता. किड्याने पाडलेली भोकं होती, पण आतून भुकटी पडत नव्हती, म्हणजे दुखणं जुनं आणि बरं झालेलं. पाय आणि चौकट खाचेत बसवलेले, खिळा नाही. लाकूडही छान काळसर. पण त्याचं एकच टोक उंच. दुकानदार म्हणाला, असाच असतो, मॅडम, एकाच माणसाने डोकं टेकायचं. मी म्हटलं, मग हा नको. तो म्हणाला, तुम्ही एकट्याच राहता ना? आगाऊ! मी त्याच्याकडे असं बघितलं, की तो निमूटपणे पडद्यांच्या गठ्ठ्यामागे गेला आणि तिथून तिसऱ्या दिवाणावरचा पसारा उचलू लागला.

तोच घेतला. दोन्ही टोकं सारखी, एका हाताच्या कडेला बोटांनी चोळून चोळून झालेली चकाकी. जाळी मध्ये खचली होती, ती नवी विणून मिळाली. मी पुन्हा खाली शिरले, या वेळी दुकानदार स्वतः टॉर्च धरून बसला. तेव्हा दिसलं की चारही पायांना खालून जोड दिलाय. वेगळं लाकूड, वेगळा रंग, पण काम इतकं निगुतीचं की वरून नुसती पट्टी वाटावी. दुकानदाराचा चेहरा पडला. म्हणाला, तुम्हाला दिसणारच होतं. कुणीतरी मागाहून उंच केलाय, त्यामुळे जुन्या वस्तूंचे शौकीन याला हात लावत नाहीत. तुम्ही म्हणाल तर जोड कापून मूळच्यासारखा करून देतो. काय संताप आला म्हणून सांगू! पाय कापायला निघाला होता मेला! अरे, म्हटलं, माणसं गंमत म्हणून फर्निचर उंच करत नाहीत. कुणाच्या तरी घरात कुणाचे तरी गुडघे धरले होते, खालून उठवत नव्हतं, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी सुताराला बोलावून हे करून घेतलं. शौकिनांना नको असेल तर नको, मला हाच जोड हवाय.

मग मी वितीने उंची मोजली. दोन वीत आणि वर चार बोटं. बरोब्बर. आनंदाने वर चढून बसले, तर माझे पाय अधांतरी! दुकानदाराला राहवलं नाही. म्हणाला, मॅडम, हा तुम्हाला फार उंच आहे. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, तू पावती कर.

आता तो खिडकीशी ठेवलाय. माझ्या बाजूला चौरंग, पाय टेकायला. एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. डॉक्टरांनी मलाही रोज दुपारी आडवं पडायला सांगितलंय, रक्तदाबासाठी. मी पडत नाही. जन्मभर लोकांना बजावलं की दिवसा पलंगावर असतो तो पेशंट, आता स्वतः कशी पडू? आणि खरं सांगू, भर दुपारी बंद घरात एकटीने आडवं पडलं की उठेपर्यंत छातीत धडधडतं. चिरंजीवांना हे कळता कामा नये. नाहीतर ती बटणाची खुर्ची आलीच समज.

आठवतं का, हॉस्टेलात सकाळच्या घंटेनंतर पलंगाला शिवायचं नाही असा नियम होता, आणि तू भर दुपारी पाहुण्यांच्या खोलीतल्या दिवाणावर तुझे ते टिटवीचे लांब पाय पसरून पडलेली सापडलीस? सिस्टर ओरडल्या, तेव्हा तू उठलीससुद्धा नाहीस. म्हणालीस, सिस्टर, हा पलंग नाही, त्यामुळे मी नियम मोडलेला नाही. मी दुसऱ्या टोकाला बसून खिदळत होते, म्हणून शिक्षा मलाही झाली. तुझं तेच उत्तर मी आता तुला परत करतेय. हा पलंग नाही, त्यामुळे त्याच्यावर पडणारी बाई पेशंट नाही, आणि मीही तिथेच पडलेली असणार, त्यामुळे दारातून डोकावून कसं वाटतंय विचारायला कुणी उरतच नाही. आणि हो, हॉस्पिटलात मी सारखी तुझी चादर सारखी करतेय म्हणून तू माझ्यावर खेकसलीस ना? चादर नव्हते गं सारखी करत. टाचेपासून गुडघ्यापर्यंत वितीने तुझा पाय मोजत होते. वृद्धाश्रमाला फोन करून नाही म्हणून सांग. एक तारखेला गाडी घेऊन मी तुझ्या दाराशी उभी असेन, आणि उशिरा आलेलं मला चालत नाही. खिडकीकडचं टोक तुझं.

वाट बघणारी, आणि तरीही अजून रागावलेली,
तुझीच,
सुई