पाच तास बाकी

शेवगाव,
९ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

नमस्कार. आई बरी आहे, दोन घास जेवते. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. स्टुडिओचं शटर मी रोज उघडते. लोक पासपोर्ट फोटोला येतात, बातमी ऐकून दारातच थबकतात आणि तसेच परत जातात. येत्या सोमवारी मला नगरला कामावर हजर व्हायचंय.

ड्रॉवरमध्ये बाबांची नवी डिस्क सापडली. तिच्यावर एकच फोल्डर होता, अर्धवट उतरलेला. नाव पुढे सांगते. जुन्या कॉम्प्युटरवरून मी तो पुन्हा कॉपीला लावला, तर पाच तास दाखवले. इथे दुपारी लाइट जाते आणि यूपीएस केव्हाच मेलाय. दोनदा कॉपी तुटली. तिसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरची पेटी उघडली. आतल्या जुन्या डिस्कची केबल सैल होती. अशा केबलमुळे सहा वेळा चूक झाली, की ते जुनं विंडोज डिस्कचा वेग आपणहून उतरवतं. मग केबल बदलली तरी वेग वाढत नाही. कुणालातरी सेटिंगमध्ये जाऊन ती चुकांची नोंद काढून टाकावी लागते. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या वर्षाला मी हे पाच मार्कांना लिहिलं होतं.

ताई, मी उगाच लांबण लावते आहे.

दिवाळीआधी बाबांचा फोन आला होता.

"दिशे, डिस्क लई हळू चालती गं. पाच तास दावती."

"बाबा, भंगारात द्या तो डबा. मला मीटिंग आहे."

"बरं बरं. सायबीण झालीस तू. तुझं चालू दे."

असे तीन फोन. काय कॉपी करताय, हे मी एकदाही विचारलं नाही. माझा पदवीचा फोटो त्यांनी दुकानाच्या काचेत लावला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या घरातली पयली ग्रॅज्युएट. कॉम्प्युटरचं समदं कळतं तिला."

वेग आल्यावर अर्ध्या तासात सगळं उतरलं. गिऱ्हाइकांच्या लग्नाच्या फोल्डरला ते जसं नाव द्यायचे, तसंच याला दिलंय: 'अश्विनी वेड्स शौनक'. सहा वर्षांत दाजींचं नाव त्यांनी तोंडाने घेतलं नाही. इथे स्वतः टाइप केलंय.

आत अल्बम आहे. साऱ्या तालुक्याची लग्नं काढली, पण तुम्ही कोर्टात केलेल्या लग्नाचा एक फोटो त्यांच्याकडे नव्हता. म्हणून तुझे लहानपणापासूनचे फोटो लावलेत. लाइट तपासायला तुला पडद्यापुढे बसवायचे ना, ते डोळे मिटलेलेसुद्धा. छत्तीस पानं. नगरच्या लॅबला छापायला द्यायचा होता. आई म्हणाली, "लाइट गेली की शिव्या द्यायचे. मला वाटायचं, गिऱ्हाइकाचं काम हाय."

दहाव्याला तू दारात विचारलंस, "शेवटी माझं नाव काढलं होतं का गं?" मी नाही म्हणाले. तू पाणीही न घेता गेलीस. ते उत्तर मी मागे घेते.

अल्बम छापायला दिलेला नाही. पहिलं पान रिकामं आहे. मधोमध चौकट आखून आत त्यांनी लिहिलंय, 'जोडीचा फोटो'. तुमचा एक पाठव. मन झालं नाही, तर पाठवू नकोस. सोबतचा अल्बमचा पेन ड्राइव्ह मात्र ठेव.

तीनदा हाक मारूनही न आलेली,
तुझी धाकटी
दिशा